एक गोळी दुसऱ्या गोळीला निकामी कशी करते?

समजा, रेवदंड्याकडच्या एका वहिनींना टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून औषध सुरू झाले. लघवी लालसर होऊ लागली तेव्हा आशाताईंनी धीर दिला, "घाबरू नका, तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे." वहिनींनी औषध एक दिवसही चुकवले नाही. पाळणा लांबविण्याची गोळी आधीपासून चालू होती, तीही त्या नेमाने घेत होत्या. तरी दिवस गेले! घरात बोलणी खावी लागली ती वहिनींनाच : "गोळी विसरली असशील."

बाईची चूक नव्हती. जे घडले ते तिच्या लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात घडले.

आपल्या किनाऱ्यावर मच्छी आधी धक्क्यावर उतरते, तिथे निवड होते आणि मग माल पुढे जातो. शरीरात यकृताचे काम तसेच आहे. पोटात गेलेले अन्न, औषध, दारू आतड्यांतून शोषली की रक्तातून प्रथम यकृतात येते. तिथे 'सायटोक्रोम पी-४५०' या नावाची प्रथिने औषधांची मोडतोड करून ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करतात. ही प्रथिने म्हणजे धक्क्यावरचे कामकरी हात. माल वाढला की यकृत जादा हात बोलावते. पण हे जादा हात एकाच मालावर थांबत नाहीत. शेजारचा मालही भराभर हलवतात. रिफॅम्पिसिनमुळे वाढलेल्या हातांनी वहिनींची दुसरी गोळी वेळेआधीच मोडून टाकली.

यकृत हे हात कसे बोलावते? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचे तेच एक पुस्तक असते. डोळ्याची पेशी त्यातली आपली पाने वाचते, यकृताची पेशी आपली. कोणते पान केव्हा उघडायचे आणि त्याच्या किती नकला काढायच्या, यावर पेशीचे काम ठरते.

या प्रश्नावर आपल्या देशात मोलाचे काम झाले ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. १९३८ साली मद्रासला जन्मलेले डॉ. गोविंदराजन पद्मनाभन यांनी १९६६ साली याच संस्थेतून डॉक्टरेट मिळविली. पुढे १९९४ ते १९९८ या काळात ते तिचे संचालक होते. २००३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांना फेनोबार्बिटोन हे फिटवरचे जुने औषध दिले. तेव्हा यकृतात पी-४५० च्या जनुकाच्या नकला वाढलेल्या दिसल्या. रक्ताला लाल रंग देणारा 'हीम' हा लोहयुक्त पदार्थ पी-४५० मध्येही असतो. शरीरात हीम तयार होणे रोखले, तर जनुकाच्या नकला कमी झाल्या. बाहेरून हीम दिले, तर त्या पुन्हा वाढल्या. १९८९ साली पी. एन. रंगराजन यांच्यासह त्यांनी हे पान उघडण्यात हीम आणि फेनोबार्बिटोन यांचा हात कसा असतो, यावर अमेरिकेतील नामांकित नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला.

रिफॅम्पिसिनची खूण ओळखणारे 'पीएक्सआर' हे प्रथिन १९९८ साली परदेशी प्रयोगशाळांत सापडले. औषध त्याला चिकटले की ते जनुकापाशी जाते आणि पान उघडते. वहिनींच्या घरातल्या भांडणाचे उत्तर असे प्रयोगशाळेत मिळाले.

वाचक बंधु-भगिनींनो, हे ध्यानात ठेवा :

१) टीबीचे औषध मनाने कधीही बंद करू नका. पाळणा लांबवायचा असेल तर उपचार सुरू होतानाच डॉक्टरांशी बोला. तांबी किंवा निरोध यांवर रिफॅम्पिसिनचा परिणाम होत नाही. टीबीचा उपचार संपल्यावरही वाढलेले हात लगेच कमी होत नाहीत, म्हणून पुढचे काही आठवडे काळजी घ्या.

२) फिटवरची फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधेही असाच परिणाम करतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा जोरही रिफॅम्पिसिनमुळे कमी होतो.

३) रोजच्या दारूनेही एका जातीचे पी-४५० वाढते. ते पॅरासिटॅमॉलमधून यकृताला घातक पदार्थ जास्त तयार करते. अंगदुखीसाठी मुठीने गोळ्या घेणाऱ्या नेहमीच्या पिणाऱ्याला म्हणूनच जास्त धोका असतो.

४) टीबीच्या उपचारात डोळे पिवळे झाले, उलट्या होऊ लागल्या, अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. पाळणा लांबविण्याची गोळी सांगायला बाईने लाजू नये. सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही तिला दोष देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जे यकृताने केले, त्याचा ठपका सुनेवर कशाला?