चुंबकाच्या सान्निध्यात शरीराचा तोल

एम.आर.आय. यंत्रात शिरताना काही रुग्णांना गरगरल्यासारखे होते. ‘ही मनाची भीती’ असे म्हणून त्यांची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोके वळताच मागे रेंगाळतो आणि मेंदूला त्या हालचालीची वार्ता कळते. या द्रवातून आयनांचा सूक्ष्म विद्युत्प्रवाह अखंड वाहत असतो. प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र आले की बल उत्पन्न होते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आपण याच शाळेत घोकला आहे! त्या बलाने द्रव ढकलला जातो, आणि निश्चल डोके फिरते आहे असा संदेश जातो.

२०११ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डेल रॉबर्ट्स, डेव्हिड झी प्रभृतींनी ७ टेस्लाच्या क्षेत्रात स्वस्थ पडलेल्या निरोगी माणसांचे डोळे अंधारात न्याहाळले. ते एका बाजूस संथपणे सरकत व झटक्याने परतत. अंतर्कर्ण निकामी झालेल्यांचे डोळे मात्र स्थिर राहिले. उजेडात नजर एखाद्या वस्तूवर खिळली की ही गती दबते, म्हणूनच ती इतकी वर्षे निसटली असावी. यंत्राबाहेर आल्यावर ती काही काळ उलट दिशेने चालते. तेव्हा रुग्णाला घाईने उठवू नये.