खुपतंय की गुदगुल्या होतायत?

रविवारी रात्री एपिसोड बघायचा आणि सोमवारी कट्ट्यावर त्याचं पोस्टमॉर्टेम करायचं, आठवतंय ना? जून २०२३मध्ये अवधूत गुप्तेचा ‘खुपते तिथे गुप्ते’ झी मराठीवर परत आला आणि पहिलेच पाहुणे राज ठाकरे. झालं, प्रेक्षकांच्या सरळ दोन पार्ट्या!

एक पार्टी म्हणते, ‘भाषणातला नेता घरातल्यासारखा बोलतो, हेच भारी की!’ दुसरी म्हणते, ‘काय बे, नुसतंच गोडगोड! अवघड प्रश्न आला की हशा आणि ब्रेक.’

खरं सांगू? दोघांचंही पटतं. पाहुणा सैलावला की बातम्यांत न दिसणारा माणूस दिसतो. पण त्याच गप्पांत त्याची इमेजही पॉलिश होते. हिरो आवडला तर आपण फार तर तिकीट काढतो. नेता आवडला तर मत देतो. फरक मोठा आहे राव!

आपल्या जिल्ह्याचंच बघा. जेऊरचा नागराज मंजुळे, अकलूजची रिंकू राजगुरू. २०१६च्या ‘सैराट’नंतर त्यांना टीव्हीवर गप्पा मारताना ऐकलं की ‘आपल्यासारखंच बोलतात’ म्हणून आपली कॉलर ताठ होते. ही आपुलकी खरीच. पण माणूस आवडणं वेगळं आणि त्याचं म्हणणं पटणं वेगळं.

तेव्हा पुढच्या वेळी असा शो लावलात की एवढंच करा. हसून झालं की आठवा, प्रश्न काय होता आणि उत्तर मिळालं का? नसेल मिळालं, तर सोमवारी कट्ट्यावर तोच प्रश्न काढा.