आगगाडीच्या गांवांतील दगडी घरें आणि एक नाव

घरांत लहानशी आगगाडी मांडणें हा खेळ मुलांचा कीं मोठ्यांचा, या वादांत मी आज शिरत नाहीं. पुण्यास कोथरूडच्या बाजूस भाऊसाहेब जोशी यांनीं उभें केलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुलें आहे. तेथें मुलांना घेऊन गेलेले वडीलच कांचेपाशीं अधिक वेळ रेंगाळतात, इतकें सांगितलें म्हणजे पुरे. मला आज बोलावयाचें आहे तें गाडीविषयीं नव्हे, गाडीच्या खिडकींतून दिसणाऱ्या गांवाविषयीं. गाडी विकत मिळते. गांव मात्र स्वतः बांधावें लागतें.

आमच्या छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेस, १९०० सालीं निजामाच्या राज्यांतील गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली. ती मीटर रुंदीची. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिचे रूळ उखडून रुंद रूळ पडले, आणि ती धिम्या चालीची गाडी गेली ती गेलीच. तीच गाडी मीं माडीवरील खोलींत मांडावयास घेतली. प्रमाण सत्त्याऐंशीस एक. त्या हिशेबानें मीटरचा रूळ साडेअकरा मिलिमीटरांचा होतो. बाजारांत बारा मिलिमीटरांचा मिळतो, तो चालवून घेतात.

स्टेशन झालें, पाण्याची टांकी झाली. मग गांवासाठीं मीं परदेशी बनावटीचीं तयार घरें जोडलीं. दगडी भिंती, उतरतीं छपरें, धुराडीं. दिसावयास फार सुबक. माझी आत्या तेव्हां आमच्याकडे राहावयास आली होती. तिनें चष्मा पुसून सगळें पाहिलें आणि म्हणाली, "अरे, या घरांवर कुरडया वाळवायच्या कुठं? आणि उन्हाळ्यांत निजायचं कुठं?"

या एका प्रश्नानें माझें गांव कोसळलें. मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. खालीं काळ्या दगडाचें जोतें, त्यावर दगडाची किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत, तुळयांवर काड्याकुड्या आणि पाला अंथरून वर मातीचा सपाट थर, पाणी काढून देणारी पन्हळ, आणि उजेडासाठीं व धुरासाठीं माळवदांत ठेवलेलें साणें. उतरतें कौलारू छप्पर कोंकणच्या पावसाला शोभतें. आमच्याकडे पाऊस थोडा, ऊन फार. म्हणून घर जाड आणि सपाट.

आत्याचें माहेर म्हणजे माझ्या आजोबांचें गांव गोदेच्या कांठीं होतें. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर भरला तेव्हां शंभराहून अधिक गांवें त्याखालीं आलीं, त्यांतलेंच तें एक. धरण १९७६ सालीं पुरें झालें. घराचें एकही छायाचित्र आमच्यापाशीं नाहीं. आत्या म्हणाली, "बांधायचंच असेल तर तें बांध, मी माप सांगतें." मापें तिनें दिलीं तीं हातांत आणि पावलांत.

आतां बांधणीकडे वळूं. भिंतीची जाडी ही पहिली गोष्ट, आणि नवशिके चुकतात तेथेंच. दोन फुटांची भिंत आपल्या प्रमाणांत सात मिलिमीटर होते. पातळ पुठ्ठ्याचें घर कितीही रंगविलें तरी खोक्यासारखें दिसतें, कारण दार-खिडकीला खोली नसते. म्हणून जाड पुठ्ठ्याचे दोनतीन थर सरसानें चिकटवून सात मिलिमीटर भरावे व मग दारें कापावीं. आत्याच्या घराचें दार इतकें ठेंगणें होतें कीं मोठ्या माणसास वांकून आंत जावें लागे. म्हणजे पांच फूट, आपल्याकडे साडेसतरा मिलिमीटर. दाराशेजारची देवळी याच जाडींत कोरतां येते.

भिंतीवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक मिलिमीटर थर द्यावा, आणि तो अर्धवट आळला कीं सुईनें दगड आंखावे. येथें घाई नको. विटांप्रमाणें सरळ ओळी ओढल्या कीं खेळ संपला. आमच्या गांवंढ्यांनीं घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि चौकटीला वापरला. मधली भिंत अनघड दगडांची, आणि मोठ्या दगडांमधल्या फटींत बारीक चिपा ठोकलेल्या. कोपऱ्याचा दगड एकदां या भिंतींत लांब जातो, तर वरचा त्या भिंतींत. असें केल्यावांचून कोपरा बांधला जात नाहीं, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यास तें कारण न कळतांही उणीव जाणवते. दरज अर्ध्या इंचाची धरली तर ती आपल्या प्रमाणांत मिलिमीटरचा सातवा हिस्सा भरते. सुईचा नुसता ओरखडा पुरतो. खोल चर पाडूं नये.

रंगाविषयीं एक सांगतों. आमचा दगड काळा म्हणून काळा रंग लावाल तर घर कोळशाची वखार दिसेल. लहान वस्तूला मूळ वस्तूपेक्षां फिकट रंगवावें लागतें. दौलताबादच्या तटाजवळ जाऊन पाहा: काळा म्हणतों तो दगड राखी, त्यावर ऊनपावसाचा तांबूस गंज, आणि कोठें कोठें शेवाळाची पांढुरकी चकती. तीनचार छटा करून दगड सुटे सुटे रंगवावे आणि शेवटीं मातकट पाण्याचा एक हात सर्वांवर फिरवावा, म्हणजे तो दरजांत उतरतो.

माळवदासाठीं मीं खरी माती वापरली. पण ती तलम मलमलींतून दोनदां चाळली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या सानुल्या जगांत दीड इंचाहून मोठा खडा होतो!

इंग्लंडांत हें वेड कोणत्या थराला गेलें तें ऐकण्यासारखें आहे. रॉय इंग्लंड नांवाचा एक तरुण १९२५ सालीं ऑस्ट्रेलियाहून तेथें आला. ऑक्सफर्डजवळच्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यांतील जुनीं गवती छपरांचीं घरें एकेक करून नाहींशीं होतांना त्यानें पाहिलीं आणि तीं प्रमाणांत उतरवून ठेवण्याचें ठरविलें. १९५४ सालीं त्यानें स्थापिलेलें पेंडन नांवाचें संग्रहालय आजही चालूं आहे. तेथील घरें मोजमापें घेऊन केलेलीं आहेत. आमच्या हातीं आत्याचीं पावलें होतीं, एवढाच फरक.

राहिली नाव. आमच्या शहराच्या खाम नदींत नाव चालविण्याइतकें पाणी नसतें. गोदेवर मात्र तर होती. पंचवीस फुटांची नाव आपल्याकडे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर भरते. तिला तळ करूंच नये. पाण्याच्या रेषेवर ती सपाट कापावी, नाहीं तर ती ताटांत ठेवलेल्या करंजीसारखी पाण्यावर बसलेली दिसते. रेषा कोठें धरावी हें नावेंत काय आहे त्यावर ठरतें: माणसें आणि पोतीं असतील तर ती खोल बसेल, रिकामी असेल तर फळीभर वर येईल. फळ्या अडीच मिलिमीटर रुंदीच्या, लांकडाच्या पातळ पापुद्र्याच्या. आंतून बांकांच्या जागीं आडव्या पट्ट्या. बाहेरून डांबराचा विटका काळा हात.

पाणी म्हणजे रंगविलेली फळी व त्यावर वार्निशाचे सहासात हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर दुसरा. हल्लीं रेझिन ओततात. तें झटपट होतें, पण जाड थर तापतो आणि कांठावर चढतो. समुद्राच्या लाटा गोदेवर काढूं नयेत. पावसाळ्यांत ती गढूळ, हिवाळ्यांत हिरवट. मीं हिवाळा निवडला.

एवढें झाल्यावर मीं घर आणि घाट रुळाच्या कडेला बसविले. आत्या म्हणाली, "आमच्या गांवाला गाडी कुठं होती?" खरेंच नव्हती. ज्याला एकाच चित्रांत आगगाडी आणि गोदेवरची नाव हवी असेल त्यानें याच मार्गावर पुढें बासरच्या पुलाखालीं जावें. मीं गांव उचललें व वेगळ्या फळीवर ठेवलें. तेथें रूळ नाहीं. आत्यानें घराचें दार, देवळी, पन्हळ पाहिली, साणें थोडें चुलीच्या बाजूस सरकवावयास सांगितलें, आणि मीं घाटाशीं बांधलेल्या नावेकडे बोट केलें.

"ती पलीकडच्या कांठाला लाव कीं रे. हांक मारल्याबगर ती कधीं अलीकडं यायची नाहीं."