कुल्फी टाळूला, कळ कपाळात
लष्करचा उन्हाळा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण लूबद्दल बोललो. आज त्या लूमधून सावलीत आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या आसपास असतो. टोपी बाजारातली खरेदी उरकून महाराज बाड्याकडे निघालेला माणूस हातात आलेली कुल्फी चवीनं खात नाही, तिचे लचके तोडतो. काही क्षणांतच कपाळात किंवा कानशिलात अशी कळ उठते की डोळे आपोआप मिटतात. लहान मुलं तर घाबरून रडू लागतात.

मेंदू गोठला, असं पुष्कळांना वाटतं. मेंदूपर्यंत तो गारवा पोचतही नाही. बर्फगार घास टाळूला आणि घशाच्या मागच्या बाजूला टेकला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झटकन आकसतात आणि लगेच फुलतात. ही खबर मेंदूकडे नेतो तो ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू. कपाळाच्या संवेदनाही हाच तंतू नेतो, त्यामुळे वेदना नेमकी कुठली याबाबत मेंदूची गफलत होते, असं मानलं जातं. हृदयविकाराची कळ डाव्या हातात जाणवते, तोच हा प्रकार.

खरा दोष घाईचा. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १४५ शाळकरी मुलांना १०० मिलिलिटर आईस्क्रीम दिलं गेलं. ज्यांनी ते पाच सेकंदांच्या आत संपवलं, त्यांतल्या २७ टक्के मुलांचं डोकं दुखलं. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली हे छापून आलं.

आपल्या घरांत उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, मग माठातलं पाणी द्यायचं, ही रीत आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली आणि लष्कर वसलं. मराठी घरांनी तेव्हापासून इथला उन्हाळा सोसला आहे. गुळात काही जादू नाही, पण माणूस दोन मिनिटं टेकतो, घोटघोट पितो आणि पहिली तहान भागते. मग कुल्फी सावकाश खाल्ली जाते. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

कळ आलीच, तर घास थांबवा. जीभ टाळूला घट्ट दाबून धरा, किंवा कोमट पाण्याचा घोट तोंडात घोळवा. गोळी घेण्याची गरज नाही; गोळीचा असर होण्याआधीच दुखणं गेलेलं असतं. ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांना ही कळ जास्त सतावते. त्यांनी घास लहान घ्यावा आणि तोंडात पुढेच विरघळू द्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही डोकेदुखी दहा मिनिटांत जाते. नाही गेली, तर कुल्फीला बोल लावून गप्प बसू नका. उन्हातून आल्यावर डोकं ठणकतच राहिलं, गरगरलं, मळमळलं, तर तो उन्हाचा त्रास समजा. माणसाला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, थोडं थोडं पाणी पाजा. ‘गार पाण्यानंच डोकं धरलं’ म्हणून त्याचं पाणी तोडणं धोक्याचं आहे. अंग तापलेलं असेल आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहा. शुद्ध हरपत चाललेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नका.