संततीची इच्छा, पी.सी.ओ.एस. आणि घरचे ताट

सोनोग्राफीच्या अहवालात ‘दोन्ही अंडाशये पॉलिसिस्टिक’ एवढी एक ओळ आली, की लग्नाला दोन-तीन वर्षे झालेल्या घरावर चिंतेचे सावट पसरते. अंडाशयात गाठी झाल्या आहेत, त्या काढाव्या लागतील काय, हा पहिला प्रश्न. मूल होईल की नाही, हा दुसरा. आणि तो बहुधा मुलगी स्वतः विचारीत नाही, तिच्याबरोबर आलेले कोणीतरी विचारते. म्हणून दोहोंची उत्तरे आरंभीच दिलेली बरी. त्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या स्त्रीबीजांच्या त्या सूक्ष्म पिशव्या होत. त्या कापून काढावयाच्या नसतात. आणि मूल म्हणाल, तर या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांना ते होते. काहींना आहार-व्यायामानेच दिवस राहतात, अनेकींना गोळ्यांची जोड द्यावी लागते, थोड्यांना त्यापुढील उपचार लागतात.

शिकागोच्या आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथाल या डॉक्टरद्वयाने १९३५ साली सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून वैद्यकविश्वाला या विकाराची ओळख आहे. पाळी लांबणे, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिहींपैकी दोन लक्षणे असावीत, हा निकष २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरला. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी ए.एम.एच. ही रक्तचाचणीही ग्राह्य मानली आहे. अर्थात थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासून अन्य कारणे आधी वगळावी लागतात. केवळ सोनोग्राफीच्या एका ओळीवरून हे निदान होत नाही, हे घरोघरी कळले तर पुष्कळ अश्रू वाचतील.

आता आहाराचा संबंध कोठे येतो ते पाहू. यांपैकी अनेक स्त्रियांचे स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत. मग तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. गंमत अशी, की स्नायू बधिर असले तरी अंडाशय बधिर नसते. वाढलेल्या इन्शुलिनच्या चिथावणीने ते पुरुषी संप्रेरके जास्त बनवू लागते. दुसरीकडे, या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी तयार करते, त्यामुळे मोकळी संप्रेरके आणखी वाढतात. या गदारोळात कोणतेच स्त्रीबीज पूर्ण पिकत नाही, सुटत नाही, आणि पाळी लांबते. तेव्हा आपला रोख इन्शुलिनचे प्रमाण उतरविण्यावर हवा. वजन कमी करणे हे त्याचे साधन आहे, साध्य नव्हे.

किती कमी करावे? येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘आधी वीस किलो उतरवा, मग या’ असे सांगितले जाते आणि ती बिचारी दुसऱ्या आठवड्यातच धीर सोडते. आपल्या भारतीय बांध्यासाठी देहभारांक २३ च्या पुढे अधिक वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या व ७० किलो वजनाच्या स्त्रीचा अंक २९ येतो. तिने ५ टक्के, म्हणजे साडेतीन किलो वजन उतरविले तरी पाळीत फरक दिसू लागण्याची शक्यता असते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्त्रीबीज न सुटणाऱ्या ६७ स्थूल स्त्रियांचा सहा महिन्यांचा सामूहिक कार्यक्रम घेण्यात आला. सरासरी दहा किलो वजन घटले, ६० जणींत स्त्रीबीज आपोआप सुटू लागले आणि ५२ जणींना दिवस राहिले, त्यांतील १८ जणींना कोणत्याही उपचाराविना. मात्र ज्यांनी कार्यक्रम अर्ध्यावर सोडला त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. त्या कार्यक्रमात विशेष असे खाद्य नव्हते. दर आठवड्याला एकत्र जमणे, व्यायाम करणे आणि मनमोकळे बोलणे होते. माझ्या मते ‘एकत्र’ हा शब्द त्यात फार महत्त्वाचा आहे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेदरलँड्समध्ये ५७७ स्थूल, वंध्यत्वाने त्रस्त स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या स्त्रियांना आधी सहा महिने आहार-व्यायाम व नंतर उपचार, तर उरलेल्यांना लगेच उपचार दिले गेले. दोन वर्षांच्या अखेरीस पूर्ण दिवसांचे, नैसर्गिक मार्गाने जन्मलेले, एकेरी निरोगी मूल पहिल्या गटात २७.१ टक्के आणि दुसऱ्यात ३५.२ टक्के स्त्रियांना झाले. पहिल्या गटात आपोआप राहिलेले गर्भ जास्त होते हे खरे. पण थांबल्यामुळे एकूण लाभ झाला नाही. या सर्व स्त्रिया पी.सी.ओ.एस. च्या नव्हत्या, तरी बोध स्पष्ट आहे. पंचविशीतील स्त्रीला तीन-सहा महिने केवळ आहार-व्यायामावर देता येतात. पस्तिशीकडे झुकलेलीला ‘आधी बारीक हो’ म्हणून वर्षभर ताटकळत ठेवणे हा अन्याय होय. तिच्या बाबतीत दोन्ही गोष्टी बरोबरीने चालाव्यात. ज्यांचे वजन मुळातच योग्य आहे अशा सडपातळ स्त्रियांनाही पी.सी.ओ.एस. असतो. त्यांनी वजन घटवू नये, कारण अति कृश होण्यानेही स्त्रीबीज सुटणे थांबते.

आता ताटाकडे वळू. अमुक एक आहारपद्धती या विकारात दुसरीहून सरस ठरलेली नाही, असे मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. गहू पूर्ण वर्ज्य करा, दूध सोडा, अशा फर्मानांना बळकट आधार नाही. जो आहार वर्षभर निभावतो तो उत्तम. आणि आपले जुने मराठी ताट या कसोटीला चांगले उतरते: ज्वारीची वा बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, वाटीभर ताक, चमचाभर शेंगदाण्याची चटणी. बिघडले आहे ते प्रमाण. भाताचा डोंगर आणि वरणाचे तळे, असे ताट उलटे करावे: निम्मे भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, पिठले, पनीर, अंडी किंवा मासे, आणि उरलेला पाव भाग भाकरी-पोळी अथवा भात. शाकाहारी घरांत प्रथिने हमखास कमी पडतात. पातळ वरण म्हणजे प्रथिनांचा पुरवठा अशी समजूत करून घेऊ नये.

आम्हा इंदूरकरांची अडचण वेगळीच. सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि दिवस सराफ्यात मावळतो, तोही रात्री दहानंतर. पोह्यांना माझा विरोध नाही. मटार, शेंगदाणे व मोड आलेले मूग घातलेले बशीभर पोहे हा चांगला नाश्ता आहे. त्यावर पसाभर शेव आणि शेजारी जिलबी आली की गणित फिरते. चहाचेही तसेच. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर केवळ चहातून. गूळ किंवा मध घातल्याने इन्शुलिन फसत नाही. फळ खावे, रस पिऊ नये.

उपवासांचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. मूल व्हावे म्हणून सोळा सोमवार, संकष्टी, एकादशी हे सारे धरणाऱ्या मुली दिसतात. श्रद्धेबद्दल आदर ठेवूनच सांगावयाचे, की साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने व चोथा नाममात्र. त्याची खिचडी, सोबत बटाट्याचा कीस आणि वेफर्स, म्हणजे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण शब्दशः खरी. राजगिरा, दही, शेंगदाणे, एखादे फळ यांवरही उपवास घडतो. अगदी निराहार राहून दुसऱ्या दिवशी भरपाई करणे हेही हिताचे नाही.

व्यायामाविषयी थोडक्यात: आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे, वजन उतरवावयाचे असल्यास २५० मिनिटांपर्यंत, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. वजनकाटा हलला नाही तरी स्नायू इन्शुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात. ‘घरकामातच पुष्कळ व्यायाम होतो’ हे विधान मी अनेक सासूबाईंच्या तोंडून ऐकले आहे. घरकामाने थकवा येतो. त्याची जागा व्यायाम घेईलच असे नाही. सुनेला सकाळचा पाऊण तास मोकळा मिळावा, ही जबाबदारी घराची आहे. तसेच तिच्यासाठी वेगळे ‘पथ्याचे’ शिजवून इतरांनी तिच्यासमोर श्रीखंड खाऊ नये. सर्वांचे ताट बदलले तर घरातील मधुमेही सासऱ्यांचाही लाभ होईल.

पतिराजांना यातून सूट नाही. वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. ती वर्षभर पुढे ढकलून पत्नीलाच गोळ्या देत राहणे अनुचित आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू, गुटखा व मद्य आज सोडले तर परिणाम तिमाहीने दिसतो. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: पाळी ४०-४५ दिवसांनी येत असेल तर ‘चौदावा दिवस’ मोजण्यात अर्थ नाही. स्त्रीबीज पुढील पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते. लघवीवर करण्याच्या चाचणीपट्ट्याही या विकारात फसवू शकतात, कारण ते संप्रेरक आधीच वाढलेले असते. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे हाच साधा मार्ग.

औषधांबद्दल. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहण्याच्या किमान एक ते तीन महिने आधीपासून. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यात मिटते, तेव्हा पुष्कळदा स्त्रीला गर्भाची चाहूलही नसते. मधुमेह असल्यास मोठी मात्रा लागते. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ तपासावे, शाकाहारी स्त्रियांत विशेषेकरून. स्त्रीबीज सुटण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे: २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांच्या अमेरिकन चाचणीत त्याने २७.५ टक्के, तर क्लोमिफेनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्यावर २०११ मध्ये आलेली बंदी २०१७ मध्ये उठली, तरी ‘बंदी असलेले औषध’ ही भीती काही घरांत अजून आहे. लव कमी होण्यासाठी घेतलेली स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे मात्र गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी थांबवावीत. वजन घटविणारे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन चालू असेल तर ते किमान दोन महिने आधी बंद करावे. ही गोष्ट रुग्ण आपण होऊन सांगत नाही, डॉक्टरांनी विचारावी.

गर्भधारणेपूर्वी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करून घ्यावी. दिवस राहिल्यावर मिठाईचे डबे घरी येऊ लागतात आणि ‘आता दोघांचे खा’ हा आग्रह सुरू होतो. पी.सी.ओ.एस. च्या स्त्रीला गर्भावस्थेतील मधुमेहाचा व रक्तदाबाचा धोका अधिक असतो. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी रक्तशर्करा पाहावी. १४० किंवा अधिक आल्यास तेच निम्म्या भाजी-कोशिंबिरीचे ताट प्रसूतीपर्यंत, आणि त्यानंतरही, चालू ठेवावयाचे आहे.