भडोचच्या बाजारातील ग्रीक नाणी

बडोद्याच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी, भडोच वसले आहे. ग्रीक व्यापारी या बंदरास बारिगाझा म्हणत. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराचे वर्णन करणाऱ्या एका अज्ञात ग्रीक लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात अशी नोंद केली आहे की, अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी द्रॅक्म नाणी या बाजारात अद्याप चालतात. मिनँडर म्हणजे बौद्ध वाङ्मयातील मिलिंद राजा. त्याला जाऊन तेव्हा सुमारे दोनशे वर्षे झाली होती. राज्य लयास गेले, पण चांदीची पत राहिली! द्रॅक्म या शब्दापासूनच आपला द्रम्म आणि पुढे दाम हा शब्द आला, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे नवल वाटेनासे होते.

ग्रीकांच्या नाण्यावरील चिन्ह ही त्या नगराची किंवा राजाची ओळख असे. अथेन्सच्या नाण्यावर अथीना देवीचे घुबड असे. मिनँडरच्या नाण्यावर हीच अथीना हाती वज्र उगारून उभी दिसते. अपोलोडोटसने मात्र चौकोनी नाणे पाडून त्यावर हत्ती व वशिंडाचा बैल कोरविला. एका बाजूस ग्रीक लेख, दुसरीस खरोष्ठी. येथील प्रजेला वाचता यावे, हा त्यातील उघड हेतू.

पुढे पश्चिम हिंदुस्थानात क्षत्रपांची सत्ता आली. त्यांनी बाजाराच्या सवयीचाच आकार उचलला. नहपानाच्या नाण्यावर राजाचे मस्तक असून सभोवार ग्रीक अक्षरे आहेत. ती जुळवून वाचली की शब्द निघतात ते प्राकृत! मागील बाजूस बाण आणि वज्र.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे या नहपानाच्या नाण्यांचा फार मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातील १३,२५० नाणी तपासली. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर बसला आणि दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह. चांदी वितळवण्याचे श्रम न घेता विजय पुकारण्याची ही रीत मोठी परिणामकारक म्हटली पाहिजे. स्कॉट यांना आणखी एक गोष्ट दिसली. नाव एकट्या नहपानाचे, पण चेहरे नाना प्रकारचे होते.

चष्टनाच्या वंशजांच्या नाण्यांवर डोंगर, चंद्रकोर आणि पाण्याची नागमोडी रेघ कायमची झाली. ग्रीक अक्षरे मात्र हळूहळू अर्थहीन होत गेली. ठसा कोरणारा जुन्या नाण्यावरून नक्कल करी, पण ती लिपी त्याला येत नसे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून राजाच्या डोक्यामागे शक वर्षाचा आकडा येऊ लागला, हा अभ्यासकांचा मोठाच लाभ. चंद्रगुप्त दुसरा याने क्षत्रपांचा पाडाव केल्यावर डोंगराच्या जागी गरुड बसविला. तरी त्याच्या चांदीच्या नाण्यावर त्या मोडक्या ग्रीक अक्षरांच्या खुणा राहिल्याच.

नाणी जमविणाऱ्याने हे सारे जाणणे अगत्याचे आहे. द्रॅक्म वजनाला अवघे सुमारे अडीच ग्रॅम, क्षत्रपांचे नाणे त्याहूनही थोडे हलके. आणि लेख तर अगदी कडेला. चिंच किंवा राख लावून नाणे घासले की प्रथम जातात ती अक्षरे आणि वर्षाचा आकडा. मग उरते ती चकचकीत चांदी, आणि तिचे मोल सराफाच्या तराजूइतकेच. त्याहून मोठी हानी साठा वाटून घेतल्याने होते. जोगळटेंभीची नाणी घरोघर विखुरली असती, तर छाप मारलेली किती व न मारलेली किती, हे प्रमाण कोणास कधीच कळले नसते. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावीच लागते. विकत घेतलेले नाणेही प्रत्येकी निराळ्या कागदी पाकिटात ठेवावे आणि त्यावर वजनाबरोबर, ठाऊक असल्यास, ते मुळात कोणत्या गावी सापडले तेही लिहून ठेवावे.