फांद्या छाटताना करवत की यंत्र?
पावसाळा जवळ येताच मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये झाडांच्या छाटणीची लगबग सुरू होते. तीन-चार इंच जाडीच्या फांदीसाठी हातकरवत पुरेशी ठरते. तिचा धोकाही कमी असतो. त्याहून जाड फांद्या अनेक असतील, तरच छोट्या चेन सॉचा विचार करावा. मात्र पात्याचे टोक फांदीला टेकल्यास यंत्र क्षणार्धात मागे उसळते. त्यामुळे शिडीवरून, एका हाताने किंवा खांद्याच्या वर ते चालविणे जिवावर बेतू शकते. साधन कोणतेही असो, जड फांदीला प्रथम खालून काप द्यावा. अन्यथा ती मोडताना खोडाची साल सोलवटते. खोडालगतचा फुगीर भाग राखल्यास जखम लवकर भरते. छाटणीपूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी मात्र आवश्यक आहे.